भगंदर: लाज सोडा, वाट ओळखा, मग इलाज निवडा

आरोग्याच्या पाठात आज अशा दुखण्याबद्दल लिहितोय, ज्याचं नाव बोटीवर कुणी मोठ्याने घेत नाही. संडासच्या जागेजवळ एक फोड येतो, फुटतो, पू वाहतो, बरं वाटतं. महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच परत फोड. माणूस बसताना एका कुल्ल्यावर बसतो, चड्डीत फडकं ठेवतो आणि विचारलं तर "उष्णता झाली" म्हणतो. घरात बायकोलाही सांगत नाही. अशी वर्षं जातात.

या दुखण्याचं नाव भगंदर. इंग्रजी शब्द फिस्टुला. ते पापाचं फळ नाही आणि घाणेरडेपणाचंही लक्षण नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला ते होतं आणि १८ नोव्हेंबर १६८६ रोजी त्याचं ऑपरेशन झालं. इंग्रजीतला मोठा कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचंही १८४१ साली झालं. राजाला चुकलं नाही ते खलाशाला झालं, तर त्यात लाजण्यासारखं काय?

मूळव्याध वेगळी, फिशर वेगळं, भगंदर वेगळं

आपल्याकडे तिथलं काहीही दुखलं की "मूळव्याध" म्हणतात आणि मूळव्याधीचं औषध आणतात. तीन दुखण्यांतला फरक आधी बघा.

मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्या फुगतात. बहुतेक वेळा शौचाबरोबर लाल रक्त पडतं आणि दुखत नाही. कधी कोंब बाहेर येतो.

फिशर म्हणजे चीर. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ येते आणि नंतरही बराच वेळ आग होते.

भगंदरात गुदद्वाराच्या बाजूला कातडीवर छोटं भोक किंवा पुटकुळी असते. त्यातून पू, पाणी, कधी रक्त येतं. कपडे ओले राहतात, खाज सुटते. भोक वरून बंद झालं की आत पू साठतो, ठणका लागतो, ताप येतो. फुटलं की आराम. हेच चक्र परत परत चालतं.

चक्र चालू असेल तर मूळव्याधीच्या मलमाने वा गोळीने ते थांबणार नाही. मात्र शौचातून रक्त जात असेल तर स्वतःच "मूळव्याध असेल" असं ठरवू नका. आतड्याच्या कॅन्सरमध्येही असंच रक्त जाऊ शकतं. तपासून घ्या.

हे होतं कसं?

गुदद्वारापासून जरा आत, साधारण दोन सेंटिमीटरवर, बारीक ग्रंथींची रांग असते. त्या चिकट पाणी सोडतात. त्यातली एखादी तुंबली आणि तिथे जंतू वाढले की गळू होतं. पू वाट शोधतो, मांसातून पोखरत कातडीपर्यंत येतो आणि बाहेर फुटतो. गळू फुटलं तरी आतलं तोंड उघडंच राहतं. शौचातले जंतू त्यातून परत परत आत जातात आणि बोगदा भरून येत नाही. आत एक तोंड, बाहेर एक तोंड आणि मध्ये वाट, हेच भगंदर. अशी गळवं झालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्या लोकांना पुढे भगंदर होतं. पुरुषांत ते बायकांच्या जवळपास दुप्पट दिसतं आणि जास्त करून तीस ते पन्नास या कमावत्या वयात.

आपल्या होडीची गळती आठवा. पाणी जिथे दिसतं तिथेच फट असते असं नाही. वरून लांबी भरली आणि आतली फट तशीच राहिली, तर चार दिवसांनी पाणी परत येतं. बाहेरच्या भोकाला मलम लावणं तसंच आहे.

बहुतेकांना भगंदर ग्रंथी तुंबूनच होतं. पण काहींना टीबीमुळे होतं. आपल्या देशात ही शक्यता डॉक्टरला लक्षात ठेवावी लागते. काहींना क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असतो. साखरेचा आजार असेल तर जंतू जोर धरतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ही गळवं जास्त होतात, हेही अभ्यासांत दिसलं आहे. इंजिनाच्या फळीवर बसून भगंदर होतो, असं मात्र म्हणता येत नाही. पण बोटीवर पाणी कमी पिणं, सोय नाही म्हणून शौच दाबून ठेवणं आणि मग कुंथणं याने त्या जागेचा त्रास वाढतो, एवढं खरं.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले. त्यातल्या "उन्मार्गी" प्रकाराचं कारण त्याने दिलं ते म्हणजे मांसाबरोबर गिळलेलं हाड आडवं होऊन खाली जखम करणं. आजही क्वचित गिळलेला माशाचा काटा गुदद्वारापाशी अडकून गळू झाल्याचं सर्जनना आढळतं. बोटीवर घाईघाईत जेवताना काटा गिळला असेल आणि काही दिवसांनी तिथे टोचू लागलं, तर ते डॉक्टरला सांगा. सुश्रुताच्या दुसऱ्या एका प्रकाराचं नाव "शंबूकावर्त", म्हणजे शंखासारखा वळणावळणाचा. शंख हातात घेऊन आतली वाट कशी फिरते ते बघा, म्हणजे काही भगंदरं एका ऑपरेशनात का सुटत नाहीत ते कळेल.

खरा प्रश्न: स्नायू किती अडकलाय?

या पाठातून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल, ती ही.

गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण मनाने आवळतो. पर्ससीन जाळ्याच्या तळाला कड्यांतून जाणारी दोरी ओढली की जाळ्याचं तोंड मिटतं, तसं हे स्नायू काम करतात. ती दोरी कापली तर तोंड मिटणार नाही आणि मासळी निसटेल. स्नायू जास्त कापला गेला तर वारा आणि शौच यांवरचा ताबा जातो. ते भगंदरापेक्षा वाईट जिणं.

भगंदराची वाट या स्नायूंमधून कशी जाते यावर इलाज ठरतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले सर्जन पार्क्स यांनी १९७६ साली यावरून चार प्रकार पाडले आणि आजही सर्जन तेच वापरतात. आपल्याला दोनच शब्द पुरेत. वाट वरवरची असेल, स्नायू थोडाच अडकला असेल तर साधं. वाट उंचावरून स्नायूच्या मोठ्या भागातून जात असेल, फाटे फुटले असतील, आधी ऑपरेशन होऊन परत आलं असेल, किंवा क्रोन्स-टीबी असेल तर गुंतागुंतीचं.

म्हणून प्रत्येक इलाजाला दोन कसोट्या लावायच्या. दुखणं मुळातून जाईल का? आणि ताबा शाबूत राहील का? लेझर, कॅमेरा, धागा ही नावं नंतर.

तपासणी

डॉक्टर आधी बघतात, बोट घालून तपासतात, छोटी नळी घालून आत बघतात. दोन मिनिटांचं काम आहे. बायकांनी लेडी डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी असं बिनधास्त सांगावं. वाट गुंतागुंतीची वाटली किंवा दुखणं परत आलेलं असेल तर एमआरआय करतात. त्यात वाट, फाटे आणि आत साठलेला पू दिसतो. कुठल्या खाडीत खडक कुठे आहे ते माहीत नसताना बोट घालत नाही ना आपण? परत आलेल्या भगंदरात एमआरआयशिवाय सुरी लावून घेऊ नका. साखर तपासा. ऑपरेशनात काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा, म्हणजे टीबी असेल तर कळेल. टीबी निघाला तर त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण ती पूर्ण घ्यावी लागतात.

इलाज कोणते?

*गळू असेल तर:* आधी पू काढणं. पू साठलेला असताना नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी भागत नाही. हे काम थांबवून ठेवायचं नसतं.

*वाट उघडी करणं, म्हणजे फिस्टुलोटॉमी:* बोगद्याचं छप्पर कापून तो उघडा करतात आणि जखम तळापासून भरू देतात. साध्या भगंदरात शंभरातले नव्वदच्या वर बरे होतात. पण वाट स्नायूतून खोल जात असेल तर हे करायचं नसतं.

*सेटन:* वाटेत धागा किंवा रबर ओवून सैल ठेवतात. पू बाहेर येत राहतो, आत साठत नाही, सूज उतरते. पुढचा इलाज नंतर. धागा ठेवला म्हणजे काम अर्धवट सोडलं असं नाही.

*लिफ्ट:* दोन स्नायूंच्या मधून जाऊन वाट बांधून तोडतात, स्नायू कापत नाहीत. थायलंडच्या सर्जननी ही पद्धत २००७ साली मांडली. शंभरातल्या साठ-सत्तर जणांना गुण येतो. आतल्या अस्तराची घडी सरकवून आतलं तोंड झाकणं हाही स्नायू वाचवणारा इलाज आहे.

*कॅमेरा आणि लेझर:* वाटेत बारीक दुर्बीण घालून आतून साफ करून जाळतात, किंवा लेझरच्या तारेने वाट आतून आकसवतात. जखम लहान, दुखणं कमी. पण परत येण्याचं प्रमाण साध्या उघड्या ऑपरेशनपेक्षा जास्त आहे. "लेझरने शंभर टक्के, परत येणार नाही" अशी पाटी दिसली तर दोन पावलं मागे या.

*क्षारसूत्र:* हा आपल्या आयुर्वेदातला धागा. सुश्रुताने त्याचा उल्लेख केला, पुढे चक्रदत्ताने कृती दिली आणि १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत पुन्हा वापरात आणली. सुती धाग्याला निवडुंगासारख्या थोराच्या चिकाचे ११, चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे ७ आणि चीक-हळदीचे ३ असे २१ थर देतात. धागा वाटेत ओवून बांधतात आणि साधारण आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. वाट लांब असेल तर आठवडे जास्त लागतात. धागा बदलताना आग होते, हे खरं सांगायला हवं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पाचशेच्या आसपास रुग्णांवर क्षारसूत्र आणि ऑपरेशन यांची तुलना केली. निकाल १९९१ साली छापला. क्षारसूत्राला बरं व्हायला साधारण ८ आठवडे लागले, ऑपरेशनला ४. पण दुखणं परत आलं ते क्षारसूत्रात शंभरातल्या ४ जणांना आणि ऑपरेशनमध्ये ११ जणांना. म्हणजे एक लवकर मोकळं करतो, दुसरा वेळ घेतो पण कमी उलटतो. मात्र हे काम शिकलेल्या आयुर्वेद सर्जनचं आहे. बाजारातल्या तंबूत बसून धागा बांधणाऱ्याचं नाही.

आठ आठवडे कुठून आणायचे?

इथे आपल्या धंद्याचा प्रश्न येतो. ट्रॉलरवर गेलेला माणूस आठ-दहा दिवस परतत नाही. त्याने दर आठवड्याला धागा कसा बदलायचा? कोमट पाण्यात कधी बसायचं?

पण दरवर्षी १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. ते ६१ दिवस होतात, म्हणजे आठ आठवडे आणि वर पाच दिवस. हिशोब जुळतो बघा. ज्यांचं भगंदर जुनं आहे, ताप-ठणका नाही, त्यांनी एप्रिल-मेमध्ये तपासणी आणि लागला तर एमआरआय उरकून घ्यावा आणि बंदी लागली की पहिल्या आठवड्यात इलाज सुरू करावा. वेळ आली की जाळी दुरुस्तीला काढतो, तसंच शरीरही काढायला हवं. मालकांनीही हे ध्यानात घ्यावं. जखमेसकट खलाशाला बोटीवर घेऊ नका.

गळू मात्र बंदीची वाट बघत नाही. खालील गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना:

– थंडी वाजून ताप आणि बसता न येण्याइतका ठणका
– लघवी अडकणं
– सूज किंवा काळसरपणा पसरणं, दुर्गंधी येणं. साखरेच्या रुग्णाला यात जिवाचा धोका असतो

समुद्रात असाल तर तांडेलाला सांगा, लाज ठेवू नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, किनाऱ्यावर रुग्णवाहिका १०८.

हुबळी-धारवाडला जायचं तर

कारवार, अंकोला पट्ट्यातून मोठ्या इलाजाला लोक बांबोळी, मणिपाल नाहीतर हुबळी गाठतात. मासळीच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात तोच रस्ता: अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, कलघटगी, हुबळी. लांबचा प्रवास आहे. सोबत मऊ उशी, जादा कपडे आणि जुने कागद घ्या.

हुबळीच्या विद्यानगरमध्ये सरकारी रुग्णालय आहे, त्याचं आधीचं नाव किम्स. कर्नाटक वैद्यकीय कॉलेज म्हणून ते १९५७ साली सुरू झालं. तिथे सर्जरीच्या ओपीडीत जायचं. धारवाडच्या बाजूला सत्तूरला एसडीएम वैद्यकीय कॉलेजचं रुग्णालय आहे. हुबळी ते धारवाड धावणारी चिगरी बस या दोन्हींवरून जाते. क्षारसूत्राचा विचार असेल तर हुबळीत हेग्गेरी भागात आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. शल्यतंत्र विभाग विचारा. दर आठवड्याला हुबळीची फेरी जमणार नसेल, तर पहिला धागा तिथे आणि पुढचे धागे घराजवळच्या शिकलेल्या वैद्याकडे बदलता येतील का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका. शब्द जवळचेच आहेत. कन्नडमध्येही भगंदराला भगंदरच म्हणतात, मूळव्याधीला मूलव्याधी. पू म्हणजे "कीवु", दुखणं म्हणजे "नोवु". एवढ्या चार शब्दांत अर्धं सांगून होतं.

पैशाचं: रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, आणि खासगीत जायचं तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते का, हे आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. महाराष्ट्रातल्या सभासदांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तसंच विचारावं.

डॉक्टरला विचारायचे सात प्रश्न (मोबाइलमध्ये ठेवा)

१. माझं भगंदर साधं की गुंतागुंतीचं?
२. आतलं तोंड सापडलं का?
३. स्नायू किती अडकलाय, आणि या इलाजात किती कापला जाईल?
४. परत येण्याची शक्यता किती?
५. तुकडा तपासणीला पाठवणार ना?
६. ड्रेसिंगच्या किती फेऱ्या आणि एकूण खर्च किती?
७. बोटीवर कधी जाऊ?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

घरी काय करायचं?

कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं बसा. जागा हलक्या हाताने कोरडी करा. पाणी भरपूर, नाचणी, भाजी, फळं, लागलं तर इसबगोल. मासे खायला हरकत नाही, काटे जपून. दारू आणि बिडी बंद. चुना, तंबाखू, डिझेल असलं काही लावू नका, ब्लेडने फोडू नका. जखम भरेपर्यंत समुद्राच्या पाण्यात उतरू नका. कोमट समुद्रात असे जंतू असतात जे उघड्या जखमेतून शिरून जीवघेणे ठरू शकतात, आणि साखर किंवा यकृताचा आजार असलेल्याला धोका जास्त. "खारं पाणी जखम धुतं" हे इथे चालणार नाही.

आणि विनाऑपरेशन, एका इंजेक्शनात, गॅरंटीने भगंदर घालवणाऱ्या पाट्या बसस्टँडवर दिसतात. तिथे आतलं तोंड कुणी शोधत नाही. वरून जाळतात, आत पू साठतो, वाटेला नवे फाटे फुटतात आणि साधं होतं ते गुंतागुंतीचं होतं. मग तोच माणूस मोठ्या दवाखान्यात येतो तेव्हा इलाज अवघड झालेला असतो.

भगंदर आपोआप क्वचितच बरं होतं, पण वेळेवर नीट ओळखलं तर बहुतेकांचं बरं होतं. फार वर्षं तसंच ठेवलं तर क्वचित त्यात कॅन्सरही होतो, म्हणून जुनं आहे, सवय झाली, असं म्हणू नका.

हा पाठ आपापल्या बोटीच्या ग्रुपवर टाका. ज्याला गरज आहे तो तिथे काही बोलणार नाही, पण गुपचूप वाचेल. मच्छी विकायला बसणाऱ्या आपल्या आया-बहिणींनाही वाचून दाखवा, हे दुखणं त्यांनाही होतं. आणि तुमच्या बोटीवर कुणी सारखा उभ्याने जेवत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. बाजूला घेऊन विचारा.